ओनचं पुढे काय झालं?

मागच्या महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका तरुणाने विचारलं, "छपराच्या फंडाचा हिशेब एकदा इथे टाकता येईल का?" साधा प्रश्न. पुढे हात जोडलेले. पोरगा कंपनीत कामाला आहे, दर महिन्याला न चुकता वर्गणी देतो, दोन पावसाळे झाले तरी तिसऱ्या बाकावर अजून पाणी गळतं हे त्याला दर रविवारी दिसतं. दोन मिनिटांत उत्तर आलं. "गणना १६ : ३२-३३ वाचा." बायबलातल्या वचनाचा हवाला, बस्स, एवढंच. त्यापुढेही हात जोडलेलेच. मग ग्रुप असा गप्प झाला की फोन बंद पडला की काय असं वाटावं. सकाळी सव्वासहाला कोणीतरी गुलाबाचं फूल टाकलं, शुभ सकाळ टाकली, आणि सगळे सुटल्यासारखे आमेन, आमेन करत बाहेर आले. मी रात्री तीनदा काहीतरी टाइप केलं होतं. तीनदा पुसलं. सकाळी मीही आमेन टाकलं.

ज्यांना ते वचन पाठ आहे त्यांना सांगायला नको. भूमीने आपलं तोंड उघडलं आणि त्यांना, त्यांच्या घरच्यांना, मोशेविरुद्ध बंड करणाऱ्या कोरहाच्या सगळ्या माणसांना गिळून टाकलं. ते जिवंतपणीच अधोलोकात गेले. हिशेब मागितल्यावर आलेलं हे उत्तर.

ही गोष्ट मी पहिल्यांदा आजीकडून ऐकली. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव, मे महिना, काळी जमीन. उन्हाने त्या जमिनीला अशा भेगा पडायच्या की आम्ही पोरं कोपरापर्यंत हात घालायचो. आत गार लागायचं, कुजलेल्या मुळ्यांचा वास यायचा. खडा टाकून कान लावायचा, तो कुठे थांबला ते कळायचं नाही. आजीला वाचता येत नव्हतं, पण तिला शास्त्र ऐकून पाठ होतं, आणि ती कोरहाची गोष्ट अगदी शिवारातली करून सांगायची. "भुई दुभंगली, आन् तंबू, बाया, लेकरं, हंडे-गुंडे सगळं आत. वरून भुई पुन्हा मिटली. जणू काही झालंच नाही." त्यानंतर कितीतरी दिवस मी भेगा चुकवून, उड्या मारत चालायचो. लेकरांनी काय केलं होतं, असं एकदा विचारलं. आजीने सुपारी कातरता कातरता सांगितलं, "मोठ्यांच्या तोंडी लागलं की असंच होतं." मला ते पटलं होतं असं नाही. पण भेगा खऱ्या होत्या. मोठेही खरे होते.

मोठेपणी वचन स्वतः वाचलं तेव्हा पहिला धक्का बसला तो कोरहाच्या वाक्याचा. अडीचशे मानकरी घेऊन तो इस्राएल लोकांचा पुढारी मोशे आणि त्याचा याजक भाऊ अहरोन यांच्यासमोर उभा राहतो आणि म्हणतो काय, तर तुमचं आता फार झालं. मंडळीतला प्रत्येक जण पवित्र आहे, परमेश्वर सगळ्यांमध्येच आहे, मग तुम्हीच का वर चढून बसता? हे वाक्य मी आधी कुठे ऐकलं होतं? घरीच. माझ्या पणजोबांना गावच्या देवळाची पायरी चढता येत नव्हती, पाणवठा वेगळा, सावलीचंसुद्धा माप ठरलेलं. १८३१ पासून नगरला मिशनरी होते, पण त्यांचे शब्द आमच्या वस्तीपर्यंत यायला दोन पिढ्या गेल्या. पणजोबा ज्या एका वाक्यासाठी मंडळीत आले, भावकी तोडून आले, ते वाक्य आमच्या घरात अजून सांगतात: देवापुढे कोणी वर नाही, कोणी खाली नाही. म्हणजे कोरहाचंच की! ज्याच्या वाक्यावर आमचं घर उभं राहिलं, त्याच्याच नावाने आम्हाला गप्प बसवलं जातं, हे लक्षात आलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत उभा होतो.

आणि कोरह काही बाहेरचा उपटसुंभ नव्हे. तो लेवी वंशातला, त्यातही कहाथाच्या कुळातला, मोशे-अहरोनांचा सख्खा चुलतभाऊ. अम्रामाची मुलं मोशे आणि अहरोन, त्याच्या पाठच्या इसहाराचा मुलगा कोरह. कहाथाच्या कुळाचं काम काय होतं ते बघा. निवासमंडप, म्हणजे देवाचा फिरता तंबू, हलवायची वेळ आली की बाकीच्या लेव्यांना बैलगाड्या मिळायच्या. एकूण सहा गाड्या, बारा बैल. गेर्षोनाच्या कुळाला दोन गाड्या, मरारीच्या कुळाला चार. कहाथाच्या कुळाला एकही नाही, कारण सगळ्यात पवित्र सामान त्यांच्याकडे, आणि ते खांद्यावरूनच वाहायचं. कराराचा कोश, दीपवृक्ष, मेज, वेद्या. पण खांद्यावर घेण्याआधी अहरोन आणि त्याची मुलं आत जाऊन सगळं कापडाने, कातड्याने झाकणार. कहाथ्यांनी त्याला हात लावायचा नाही. क्षणभर आत डोकावून पाहिलं तरी मरण. वाळवंटातून वर्षानुवर्षं देवाचं सगळ्यात जवळचं सामान वाहायचं, खांद्याला घट्टे पडेपर्यंत वाहायचं, आणि आपण काय वाहतोय ते एकदाही बघायचं नाही. माणूस एखाद्या दिवशी विचारणारच. (त्यात कुळाचं प्रमुखपद चौथ्या काकाच्या, उज्जीएलाच्या मुलाला मिळालं. जुने भाष्यकार म्हणतात, कोरहाचं खरं दुखणं ते. असेलही. भाऊबंदकीचं राजकारण वाळवंटातही वाळत नाही.)

मोशे त्या प्रश्नाला उत्तर देत नाही, हे मला आता जास्त जाणवतं. तो आधी पालथा पडतो. मग म्हणतो, उद्या सकाळी धुपाटणी घेऊन या, परमेश्वरच दाखवील. आणि कोरहाचेच शब्द त्याच्यावर उलटवतो: लेवीच्या मुलांनो, तुमचंच फार झालं! भांडणात माणसं समोरच्याचाच शब्द उचलून फेकतात, तसं. कोरहाचे साथीदार दाथान आणि अबीराम यांना बोलावणं धाडलं, तर ते म्हणतात, आम्ही येत नाही. मूळ हिब्रूत शब्द आहे 'वर येणार नाही'. गेले ते खाली, हे आपल्याला माहीत आहे, त्यांना नव्हतं. वर त्यांनी मिसर देशालाच दुधामधाचा देश म्हणून टाकलं. विटा भाजल्या, चाबूक खाल्ले, तो देश! इथे मात्र मी त्यांच्या बाजूने राहू शकत नाही. बंड करणारा माणूस स्वतःच्या जुन्या गुलामीला साखर लावायला लागला की त्याच्या बोलण्यातलं सत्यही आंबायला लागतं. पण फक्त पाच अध्याय मागे जा. तिथे छावणीत दोन माणसं परवानगी न घेता संदेश द्यायला लागतात, यहोशवा धावत येऊन म्हणतो, त्यांना थांबवा. आणि हाच मोशे म्हणतो, परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे झाले असते तर किती बरं! अकराव्या अध्यायातला हा मोशे सोळाव्यात कुठे जातो? थकला असेल. मधल्या काळात लोकांनी दगडमार करायचंही मनावर घेतलं होतं.

१९८७ साली बँकेने माझी बदली अलिबागला केली, आणि तिथल्या ज्यूंच्या इस्राएल आळीजवळ खोली मिळाली. बहुतेक घरं तोवर रिकामी झाली होती, माणसं इस्रायलला गेलेली. शेजारी एक म्हातारे राहिले होते, त्यांना मी काका म्हणायचो. भर पावसातल्या एका शुक्रवारी ते ओट्यावर बसून एक जाडजूड पुस्तक चाळत होते. मला बघून म्हणाले, "या. उद्या आमचा कोरह आहे." म्हणजे त्या शनिवारच्या वाचनाचा भाग. मी म्हटलं, आमचाही आहे, पण आम्हाला तो कोणाचं तोंड बंद करायचं असेल तेव्हाच आठवतो. ते हसले, त्यांचा वरचा एकच दात दिसला. पागोळ्यांचा आवाज इतका होता की त्यांना जवळजवळ ओरडून गोष्टी सांगाव्या लागल्या. त्यांच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, कोरहाला किती प्रश्न विचारायला लावलेत, ते मी तेव्हा ऐकलं. कोरह मोशेला विचारतो: घर धर्मग्रंथांनी भरलेलं असेल, तरी दाराला मेझूझा, म्हणजे धर्मग्रंथातले उतारे असलेली डबी, लावायचा का? मोशे म्हणतो, लावायचा. कोरह म्हणतो, अख्खा ग्रंथ आत असताना दोन उताऱ्यांच्या चिठोरीची गरज काय? अख्खी मंडळी पवित्र असताना तुझी गरज काय, असं त्याला म्हणायचंय. काकांनी हे सांगता सांगता मागे हात नेऊन स्वतःच्या दाराच्या चौकटीवरच्या मेझूझाला बोटं लावली, सवयीने. मग विधवेची गोष्ट सांगितली, तीही कोरहाच्या तोंडची. तिला दोन मुली आणि एक शेत. नांगरायला गेली तर मोशे म्हणतो बैल-गाढव एकत्र जुंपू नको, पेरायला गेली तर दोन बियाणं मिसळू नको, कापणीला कडा सोड. कंटाळून शेत विकलं, दोन मेंढ्या घेतल्या. पहिलं कोकरू अहरोनाचं, पहिली लोकर अहरोनाची. वैतागून मेंढ्या कापल्या तर खांदा, जबडा, कोठा अहरोनाचा. ती म्हणाली, जा, देवालाच वाहिलं सगळं! अहरोन म्हणाला, मग सगळंच माझं. आणि ती आणि तिच्या मुली रडत राहिल्या.

"ही गोष्ट तुमच्या पुस्तकात?" मी विचारलं. "कोरहाला खोटं ठरवणाऱ्या पुस्तकात?"

"त्याशिवाय तो कसला वाद," काका म्हणाले.

त्यांच्या रब्बींच्या 'पिर्के आवोत' (वाडवडिलांची शिकवण) या जुन्या ग्रंथात दोन वादांचा नियम आहे. हिलेल आणि शम्माई या दोन जुन्या गुरूंचा वाद देवासाठी होता, म्हणून तो टिकतो. कोरह आणि त्याच्या टोळीचा तसा नव्हता, म्हणून टिकला नाही. हे मी लगेच लक्षात ठेवलं. पण जे विसरायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही ते वेगळंच. सोळाव्या अध्यायाच्या पहिल्या वचनात बंडखोरांची चार नावं आहेत: कोरह, दाथान, अबीराम, आणि पेलेथाचा मुलगा ओन. नंतर ओन गायब. ना तो गिळला जातो, ना जळतो, ना कुठे पुन्हा दिसतो. मी विचारलं, ह्याचं पुढे काय झालं? काका म्हणाले, त्याला बायकोने वाचवला. ती म्हणाली, मोशे जिंकला तरी तू चेला, कोरह जिंकला तरी तू चेला. तुला काय पडलंय? तो म्हणाला, पण मी शपथ घेतलीय. ती म्हणाली, अख्खी मंडळी पवित्र आहे ना, मग बस गप. त्याला दारू पाजून आत निजवलं आणि स्वतः तंबूच्या दारात केस मोकळे सोडून बसली. त्याला न्यायला माणसं आली, परक्या बाईचे मोकळे केस दिसताच मर्यादेने मागे फिरली. मला तेव्हा नुसती गंमत वाटली. म्हणजे मंडळी खरंच पवित्र होती. कोरहाचं म्हणणं अख्ख्या गोष्टीत सिद्ध केलं ते ह्या एका बाईने, आणि तेही बंडातून नवऱ्याला सोडवायला.

माझी पाळी नऊ वर्षांनी आली. नगरला परत आलो होतो, मंडळीच्या आवारातल्या एका जागेचा व्यवहार कुजबुजत चालला होता. किती रक्कम, कोणाला, कोणाच्या सहीने, कोणी सांगेना. काही जणांनी निवेदन लिहिलं. मजकूर माझ्याच हातचा, कारण बँकेतला माणूस, अक्षर चांगलं. सही सातवी. ज्या संध्याकाळी ते पंचांपुढे ठेवायचं होतं, त्या दुपारी मला एक निरोप आला. धमकी वगैरे काही नव्हती. मुलाच्या शाळेच्या प्रवेशाची नुसती प्रेमाने चौकशी होती. संध्याकाळी मला ताप आला. म्हणजे मी तसं ठरवलं. दोघं जण मला न्यायला आले तेव्हा बायको दारात बसून मेथी निवडत होती. "त्यांना बरं नाही," ती म्हणाली. मी आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडलो होतो, मला तिच्या देठं तोडण्याचा आवाज ऐकू येत होता, आणि बाहेर चपला घुटमळल्याचाही. ते दोघं भले. अंगणातूनच "काळजी घ्या म्हणावं" म्हणून गेले. ती आत आली, दिवा लावला नाही, एवढंच म्हणाली, "मला खोटं बोलायला लावलंत." ओनच्या बायकोने स्वतःहून केलं, माझीने माझ्यासाठी नाइलाजाने केलं. तिला दोष देता येईल अशी गोष्टसुद्धा माझ्या वाट्याला आली नाही. निवेदनातल्या बाकीच्यांना भुईने गिळलं नाही. पण एकाला मुलीचं लग्न दुसऱ्या गावच्या मंडळीत लावावं लागलं, एक जण हळूहळू यायचाच बंद झाला. मी वाचलो. दर रविवारी त्याच बाकावर बसतो, तिसऱ्या. हो, गळतो तोच.

कोरहाचा असा उपयोग करणारे आम्हीच पहिले नव्हे. रोमला सिस्टाइन चॅपेलच्या भिंतीवर १४८१-८२ मध्ये बोत्तिचेल्लीने हे बंड रंगवलं आहे, पोप चौथ्या सिक्स्तस यांच्या आज्ञेवरून. मागे एक भव्य कमान, आणि कमानीवर लॅटिनमध्ये इब्री लोकांस पत्रातलं वचन: अहरोनासारखं देवाने बोलावल्याशिवाय कोणी हा मान स्वतःकडे घेऊ नये. ज्याला समजायचं त्याला समजावं. व्हॉट्सॲपच्या पाचशे वर्षं आधीचा तो मेसेज.

त्या ग्रुपवरच्या उत्तरानंतर मी चार रात्री तोच अध्याय वाचत होतो. ३१ वर्षं कॅशियरची खुर्ची सांभाळली, त्यामुळे माझा डोळा आपोआप आकड्यांवर जातो. बायबलातल्याच निर्गम पुस्तकाच्या ३८व्या अध्यायात निवासमंडपाचा हिशेब दिला आहे: सोनं २९ किक्कार ७३० शेकेल, चांदी १०० किक्कार १,७७५ शेकेल. हा अध्याय कोणी भक्तीसाठी वाचत नाही, मी वाचतो. अलिबागच्या काकांनी त्यावरही गोष्ट सांगितली होती. मोशेच्या पाठीमागे लोक कुजबुजत, ह्याची मान बघा, मांड्या बघा कशा भरल्यात. मंडपाचं काम हातात असलेला माणूस गब्बर नाही होणार तर काय! ते त्याच्या कानावर गेलं. म्हणाला, काम पुरं होऊ दे, हिशेब देतो. द्यायला बसला आणि १,७७५ शेकेल कुठे गेले ते आठवेना. संध्याकाळी कॅश जुळत नाही तेव्हा पोटात जो खड्डा पडतो तो ज्याला माहीत आहे, त्यालाच हा मोशे कळेल. पंखा चालू असून कानामागून घाम ओघळतो, शिपाई शटर अर्धं ओढून उभा, आणि तुम्ही तीच गड्डी चौथ्यांदा मोजता. मग मोशेची नजर वर गेली आणि दिसल्या खांबांच्या आकड्या. त्यांनाच लागली होती ती चांदी. जुळलं! मला हा मोशे समुद्र दुभंगणाऱ्या मोशेपेक्षा जवळचा वाटतो.

आणि गणना १६ मध्येच, ज्या ३२-३३ वचनांचा हवाला दिला गेला त्यांच्या बरंच आधी, पंधरावं वचन आहे. मोशे संतापतो आणि परमेश्वराला म्हणतो, मी यांचं एक गाढवसुद्धा घेतलेलं नाही, यांच्यातल्या एकाचंही वाईट केलेलं नाही. म्हणजे भुईने तोंड उघडण्याआधी हिशेब झाला होता. कोणी गाढवाविषयी विचारलंही नव्हतं. काका तेव्हा पुस्तकाची पुढची पानं उलटून म्हणाले होते, ह्या शनिवारी आमचं दुसरं वाचन शमुवेलाचं असतं. म्हातारा शमुवेल अख्ख्या लोकांपुढे उभा राहून विचारतो, मी कोणाचा बैल घेतला? कोणाचं गाढव घेतलं? सांगा, मी परत देतो. आणि हा शमुवेल बायबलातल्या 'इतिहास' पुस्तकातल्या वंशावळीप्रमाणे कोण, तर कोरहाचा वंशज.

कारण कोरहाची मुलं मेली नाहीत. दहा अध्यायांनंतर, शिरगणतीच्या रुक्ष यादीत एक ओळ सुटून पडल्यासारखी आहे: तथापि कोरहाचे मुलगे मेले नाहीत. आजीला ती ओळ माहीत नव्हती. तिला कोणी वाचून दाखवली नसणार, ती कोणी वाचतच नाही. त्या वंशाचे लोक पुढे मंदिराचे द्वारपाल झाले, गाणारे झाले, आणि स्तोत्रांतली चांगली दहा-अकरा त्यांच्या नावावर आहेत. ४२वं त्यांचंच, हरिणी पाण्यासाठी लुलपते ते. आजीच्या मयतीला तेच म्हटलं होतं, पेटीचा भाता फाटका होता, सूर मधेच श्वास घ्यायचा. त्यातच पुढे खोल डोह दुसऱ्या खोल डोहाला हाक मारतो. ज्यांचा बाप खोलात गेला त्यांनी हे लिहावं! ८४वंही त्यांचं: दुष्टांच्या तंबूत राहण्यापेक्षा देवाच्या घराच्या दारात उभं राहणं मला बरं. दुष्टांचा तंबू म्हणताना त्यांना कोणाचा तंबू दिसत असेल? आणि तरी बापाचं नाव त्यांनी खोडलं नाही. मथळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तेच. अडीचशे जण ज्या धुपाटण्यांसह जळाले, ती पितळेची धुपाटणीही फेकून दिली नाहीत. ती पवित्र झाली होती म्हणून ठोकून पत्रे केले आणि वेदीला मढवले. इशारा म्हणून, असं वचन सांगतं. पण वेदीवर रोज धूर चढायचा तो बंडखोरांच्या पितळेवरून, हेही तितकंच खरं.

रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, मी त्या तरुणाला मेसेज केला. ग्रुपवर नाही, त्याला एकट्याला. "गणना १६ : १५ पण वाच. आणि निर्गम ३८." दोन निळ्या खुणा लगेच आल्या. मग बराच वेळ तो टाइप करतोय असं दिसत राहिलं, थांबायचं, पुन्हा दिसायचं. बायको दारात बसून मेथी निवडत होती, सोमवारची तयारी.

"काका," त्याने लिहिलं होतं, "हे ग्रुपवर टाका ना."

"कोणाचा मेसेज?" बायकोने मान वर न करता विचारलं.